नाताळचा काचगोळा आणि आरशातला 'पारा'

घरातील जुना आरसा डागाळला की वडीलधारी माणसे म्हणतात, "आरशाचा पारा उडाला." हा शब्दप्रयोग तुम्ही कितीतरी वेळा ऐकला असेल. पण तुम्ही त्या आरशाची पाठ खरवडून पारा शोधू लागलात, तर पाऱ्याचा एक थेंबही हाती लागणार नाही. लागलीच तर किंचितशी चांदी लागेल, आणि आरसा स्वस्तातला असेल तर ॲल्युमिनियम. आरशाच्या पाठीवरून पारा जाऊन शतक उलटून गेले. भाषेतून मात्र तो अजून गेलेला नाही.

पारा जाऊन चांदी कशी आली, याची हकीकत सांगणारी एक लहानशी वस्तू आहे. ती म्हणजे नाताळच्या झाडावर टांगतात तो काचेचा चकचकीत गोळा. डिसेंबर उजाडला की आपल्या छत्रपती संभाजीनगरातही दुकानांच्या दारात लाल, हिरवे, सोनेरी गोळे लटकू लागतात. हे गोळे बहुतेक प्लॅस्टिकचे असतात. निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा पातळ थर त्यांच्यावर बसवलेला असतो. हातातून पडले तर ते टुणकन उडी मारतात. त्यांचे पूर्वज मात्र काचेचे होते, जर्मनीत जन्मले होते आणि त्यांच्या पोटात खरी चांदी होती. त्या जुन्या गोळ्यांचा संग्रह करणारे लोक आज जगभर आहेत. त्यांना हवे असलेले काही उत्तम नमुने सापडले ते आपल्या भारतातल्या जुन्या घरांत! ते इथे कसे आले, हे पुढे पाहू. आधी त्यांच्या जन्मगावी जाऊ.

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचा डोंगराळ, जंगलाचा प्रदेश आहे. तेथील लाउशा या खेड्यात १५९७ साली हान्स ग्रायनर आणि क्रिस्टोफ म्युलर या दोघा काच-कारागिरांनी कोबुर्गच्या ड्यूककडून परवानगी घेऊन काचेची भट्टी घातली. जागेची निवड विचारपूर्वक होती. काच करायला वाळू लागते, ती वितळावी म्हणून क्षार लागतो आणि भट्टीला भरमसाट जळण लागते. जंगलात लाकूड होते, लाकडाच्या राखेतून पोटॅश मिळत होता आणि वाळू जवळपास होती. शेतीला मात्र जमीन नव्हती. तेव्हा साऱ्या गावाने काचेवरच पोट भरायचे, हे जणू ठरूनच गेले. पेले, बाटल्या, मणी, बाहुल्यांचे डोळे, एवढेच काय पण माणसांना बसवायचे कृत्रिम डोळेही या गावात होऊ लागले.

नाताळच्या गोळ्यांविषयी तेथे एक दंतकथा सांगतात. पूर्वी नाताळच्या झाडावर सफरचंदे आणि अक्रोड टांगत. एका गरीब कारागिराला ती विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने काचेची फळे फुंकून झाडावर टांगली. कथा गोड आहे, पण तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो १८४८ सालच्या एका मागणीवहीचा. तीत नाताळच्या झाडासाठी ६ डझन काचगोळ्यांची नोंद आहे. त्याच वर्षी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या नाताळवृक्षाचे चित्र छापून आले आणि जर्मन घरांतली ही रीत इंग्लंडभर पसरू लागली. मग मागणीला काय तोटा!

सुरुवातीचे गोळे जाड आणि जड होते. संग्राहक त्यांना 'कूगेल' म्हणतात. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता 'गोळा' एवढाच आहे. भट्टीतील रसरशीत काच नळीच्या टोकावर घेऊन फुंकली की भिंत जाडच राहते. घरी दिव्याच्या ज्योतीवर काम करावे, तर तेलाच्या दिव्याची ज्योत भाता मारूनही पुरेशी तापत नसे आणि स्थिरही राहत नसे. १८६७ साली लाउशात गॅसचा कारखाना निघाला आणि घरोघर गॅसची प्रखर, हवी तशी कमीजास्त करता येणारी ज्योत आली. आता काचेची नळी तापवून कारागीर कागदासारखा पातळ गोळा फुंकू लागला. साच्यात फुंकून द्राक्षांचे घोस, पाइनची फळे, पक्षी, घरे असे आकार निघू लागले. इंधन बदलले आणि गोळ्याचे वजन उतरले. ते किती उतरले, याचा हिशेब आपल्याला सहज करता येतो.

समजा, गोळ्याची त्रिज्या ३ सेंटिमीटर आहे. त्याचे पृष्ठफळ ४π गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर. भिंत २ मिलिमीटर जाड असेल तर काचेचे आकारमान साधारण २१ घन सेंटिमीटर होते. काचेची घनता २.५ धरली तर वजन ५० ग्रॅमच्या थोडे वर जाते. भिंत ०.३ मिलिमीटर असेल तर तेच वजन आठ-साडेआठ ग्रॅम भरते. अशा जाड कूगेलांचे डझनभर लटकवले तर झाडाची फांदी वाकणार, हे उघड आहे. पुष्कळ कूगेल झाडावर न टांगता छताला टांगत, त्याचे हेही एक कारण असावे.

आता पोटातल्या चकाकीकडे वळू. सपाट आरसा करायची जुनी रीत अशी होती. कथलाचा पातळ पत्रा मेजावर पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवत आणायची आणि वजने ठेवून ती कित्येक दिवस दाबून ठेवायची. कथील आणि पारा यांचे पारदमिश्रण काचेला चिकटून बसे. आपल्या 'आरशाच्या पाऱ्या'चे मूळ हे आहे. पण पारा नेहमीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो. आरशांच्या कारखान्यात दिवसभर ही वाफ श्वासातून आत घेणाऱ्या कामगारांचे हात कापू लागत, हिरड्या सुजत, दात पडत, बोलणे अडखळू लागे. बव्हेरियातील फ्युर्ट हे गाव आरशांसाठी प्रसिद्ध होते, आणि या दुखण्यासाठीही. दिवाणखान्यातल्या आरशात तोंड पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

पोकळ गोळ्याच्या आत कथलाचा पत्रा पसरता येत नाही. म्हणून गोळ्यांसाठी वेगळी युक्ती होती. शिसे, जस्त यांसारख्या लवकर वितळणाऱ्या धातूंचा रस तोंडातून आत ओतायचा, गोळा भराभर फिरवायचा आणि उरलेला रस बाहेर काढायचा. काही जुन्या कृतींत या मिश्रणात पाराही घालत. अशी चकाकी करडी, मंद असते आणि तिचा थर जाड असतो.

चांदी आली ती एका रसायनशास्त्रज्ञाच्या परीक्षानळीतून. युस्टुस फॉन लीबिग याने १८३५ साली पाहिले की, अमोनिया मिसळलेल्या सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अल्डिहाइड घालून ते तापवले की नळीच्या आतल्या भिंतीवर लखलखीत आरसा तयार होतो. तुमच्यापैकी जे अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत जातील त्यांना हा प्रयोग 'टॉलेन्सची कसोटी' या नावाने भेटेल. अल्डिहाइड आहे की कीटोन, हे ओळखण्यासाठी आपण तो करतो. आरसा दिसला की वहीत 'अल्डिहाइड उपस्थित' असे लिहितो आणि नळी धुऊन टाकतो. पण ती नळी धुण्याआधी एकदा उजेडाकडे धरून पाहा. तुमच्या हातात लांबट आकाराचा एक नाताळचा गोळाच असतो!

तेथे नेमके काय घडते? द्रावणात चांदीचे अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्थितीत, म्हणजे आयनांच्या रूपात असतात. अल्डिहाइडला किंवा ग्लुकोजसारख्या शर्करेला इलेक्ट्रॉन देऊन टाकायची घाई असते. ते इलेक्ट्रॉन घेऊन चांदीचे आयन पुन्हा धातूचे अणू बनतात आणि काचेवर एकाशेजारी एक बसत जातात. अमोनियाचे काम लगाम धरण्याचे आहे. तो चांदीच्या आयनांना धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. हा लगाम नसेल तर सगळी चांदी एकदम काळपट चुऱ्याच्या रूपात तळाशी बसेल आणि आरसा होणार नाही. काचही अगदी स्वच्छ हवी. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तेवढ्या जागी आरसा धरत नाही.

शिक्षकांसाठी येथे एक सूचना. हे द्रावण प्रयोगापुरतेच ताजे करावे आणि काम झाल्याबरोबर सौम्य आम्ल घालून टाकून द्यावे. ते साठवून ठेवले तर त्यात चांदीचे स्फोटक संयुग तयार होते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी करू नये. शिवाय सिल्व्हर नायट्रेट बोटांवर पडले तर काळे डाग आठवडाभर जात नाहीत, हे वेगळेच.

लीबिगचा आरसा लगेच बाजारात आला असे नाही. १८५६ साली त्याने ही कृती सुधारून वापरण्याजोगी केली, आणि तिचा पहिला मोठा मान आरसेवाल्यांनी नव्हे तर खगोलशास्त्रज्ञांनी ठेवला. श्टाइनहाइल याने जर्मनीत आणि फूको याने फ्रान्समध्ये काचेवर चांदी चढवून दुर्बिणींचे आरसे केले. तोवर हे आरसे जड, ठिसूळ आणि लवकर काळवंडणाऱ्या मिश्रधातूचे असत. पाऱ्याचा आरसा स्वस्त पडत असल्याने कारखानदार त्याला चिकटून राहिले. १८८०च्या दशकात सरकारी निर्बंध कडक झाले तेव्हा कुठे त्याची सद्दी संपली. म्हणजे कामगार वाचला तो निव्वळ शोधामुळे नव्हे. शोध लागल्यापासून कायदा येईपर्यंत मधे जवळजवळ अर्धशतक गेले.

लाउशाच्या घरांत चांदीचे द्रावण १८७०च्या सुमारास पोहोचले. तेथे कारखाना असा नव्हताच. घर हाच कारखाना होता. पुरुष ज्योतीपाशी बसून गोळे फुंकत. बायका गोळ्यात द्रावण घालून तो गरम पाण्यात हलवत, वाळवत आणि रंगवत. मुले मानेचा जादा भाग कापून टोप्या बसवत. आठवड्याचा माल मोठ्या टोपल्यांत भरून बायकाच पाठीवरून झोनेबर्ग या व्यापारी गावी नेत. तेथे व्यापारी ठरवील तो भाव. नाताळच्या झाडाखाली ज्या मुलांचे डोळे दिपत, त्यांच्याच वयाची मुले लाउशात रात्री उशिरापर्यंत टोप्या लावत होती.

एका गोळ्याला चांदी किती लागे? आपल्या ११३ चौरस सेंटिमीटरच्या गोळ्यावर १०० नॅनोमीटर जाडीचा थर धरा. चांदीची घनता १०.५. आकडेमोड करून पाहा, उत्तर सुमारे १२ मिलिग्रॅम येईल. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. सगळी चांदी काचेवरच बसली असे मानले तर एका तोळ्यात जवळजवळ हजार गोळे! प्रत्यक्षात बरीच चांदी द्रावणाबरोबर वाया जाते, पण ते सोडून दिले तरी गरिबाघरच्या झाडावर चांदी का परवडली, हे यावरून कळते.

अमेरिकेत वुलवर्थ या दुकानदाराने १८८० साली थोडेसे जर्मन गोळे भीतभीतच विकायला ठेवले. ते दोन दिवसांत संपले. पुढे तो स्वतः लाउशाला जाऊन माल घेऊ लागला. पहिल्या महायुद्धात हा व्यापार तुटला, नंतर पुन्हा जुळला आणि दुसऱ्या महायुद्धाने परत तुटला. तोवर अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीला उपाय सापडला होता. विजेच्या दिव्याचे बल्ब भराभर फुंकणारे तिचे यंत्र १९२६ पासून चालू होते. १९३९ साली त्याच यंत्रावर नाताळचे गोळे निघू लागले. बल्ब आणि गोळा यांत आकाराचा फरक तो काय! हातकारागीर दिवसाला काही शे गोळे करी, तर यंत्र लाखांत. युद्धानंतर लाउशा पूर्व जर्मनीत गेले आणि तेथील धंदा सरकारी झाला. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्यावर घरगुती कारखाने पुन्हा उभे राहिले. आजही तेथे ज्योतीवर गोळे फुंकले जातात, आणि काचकलेचे एक संग्रहालयही आहे. हाताने काच घडवण्याची कला जर्मनीसह सहा युरोपीय देशांच्या नावे २०२३ साली युनेस्कोच्या यादीत नोंदली गेली.

वाड्यातल्या हंड्या-झुंबरांच्या शेजारी

आता भारताकडे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात युरोपातून काचेचा माल मोठ्या प्रमाणावर उतरे. त्यात बांगड्या आणि मणी होते, तसेच श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी आणि देवळांच्या सभामंडपांसाठी हंड्या आणि झुंबरेही होती. गोव्यातील मंगेशीच्या देवळात गेलात तर सभामंडपातली झुंबरे मान वर करून पाहा. अशाच मालाबरोबर जर्मनीचे जाड, रंगीत, आतून चंदेरी गोळे आले. इथे त्यांना नाताळशी काही कर्तव्य नव्हते. ते हवेल्यांत आणि वाड्यांत हंड्यांच्या शेजारी टांगले गेले. झाडापेक्षा छतच त्यांना अधिक मानवले म्हणायचे. झाडावरचा गोळा दरवर्षी काढा-घालायचा, म्हणून फुटायचा. छताला टांगलेल्या गोळ्याला कोणी हातच लावत नसे, म्हणून तो टिकला.

छताला गोळे टांगण्यात नुसती हौस नव्हती, भौतिकशास्त्रही होते. गोळा हा बहिर्वक्र आरसा आहे. ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्याचे नाभीय अंतर दीड सेंटिमीटर. तुमचा चेहरा त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर आरशाच्या सूत्राने प्रतिमा पृष्ठभागाच्या मागे १.४३ सेंटिमीटरवर येते, आणि ती सुमारे २१ पट लहान असते. म्हणजे २० सेंटिमीटर लांबीचा चेहरा जेमतेम १ सेंटिमीटरचा दिसतो. प्रतिमा आभासी, सुलट आणि लहान, हे तुम्ही पाठ केलेच आहे. पण सगळी खोलीच त्या एवढ्याशा वर्तुळात मावते, ही गंमत पाठांतरात सुटून जाते.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. दूरवरून येणारे समांतर किरण चकचकीत गोलावर पडले की परावर्तित होऊन सगळ्या दिशांना सारखेच वाटले जातात. पुढे जास्त, मागे कमी, असा भेद उरत नाही. त्रिकोणमिती शिकलेल्यांनी हे सिद्ध करून पाहावे, अर्ध्या पानाचे काम आहे. याचा अर्थ असा की, खोलीच्या एका टोकाला समई तेवत असेल तर तुम्ही कुठेही बसा, प्रत्येक गोळ्यात तुम्हाला एक बारीक ज्योत दिसणारच. गोळ्यांनी उजेड वाढत नाही, ऊर्जा कुठून येणार? पण एका ज्योतीच्या वीस ज्योती होतात. मेणबत्त्या लावलेल्या नाताळवृक्षावर हेच घडे आणि समईच्या उजेडातल्या दिवाणखान्यातही हेच.

परदेशी काचेवरचे हे अवलंबन आपल्याकडे अनेकांना सलत होते. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, प्रत्येकाकडून एक पैसा जमवून, 'पैसा फंड' उभा राहिला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तो कारखाना होता तशीच शाळाही होती, आणि तेथे शिकून गेलेल्यांनी देशात इतरत्र काचधंदा रुजवला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले काच कारखाना १९१६ साली सुरू झाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. पहिल्या महायुद्धाने जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल थांबला आणि फिरोजाबादच्या बांगड्यांनाही बाजार मिळाला. त्याच उत्तर प्रदेशातून आज नाताळचे काचगोळे युरोप-अमेरिकेला जातात. चक्र असे फिरले.

खरा जुना कसा ओळखावा?

या चक्रामुळेच एक अडचण निर्माण झाली आहे. गेल्या काही दशकांत परदेशी संग्राहकांनी भारतातून जुने कूगेल नेले, मागणी वाढली, आणि जुन्यासारखे दिसणारे नवे जाड गोळे भारतातच होऊ लागले. नवा गोळा नवा म्हणून विकला तर त्यात काहीच वावगे नाही, कारागिरी ती कारागिरीच. पण तो जुना म्हणून खपवला जातो तेव्हा घेणारा फसतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा कुठल्याही जुन्या सामानाच्या दुकानात असा गोळा दिसला, तर दुकानदाराची गोष्ट ऐकावी, पण गोळ्याला स्वतःला प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न जाडीचा. यासाठी गोळा फोडावा लागत नाही. पेन्सिलीचे टोक काचेवर अलगद टेकवा. टोक आणि त्याची प्रतिमा यांत फट दिसेल, कारण आरसा काचेच्या बाहेर नसून आतल्या बाजूला आहे. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर ही फट काचेच्या जाडीच्या सुमारे सव्वापट ते दीडपट दिसते. म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास फट दिसली तर भिंत २ मिलिमीटर जाड. फट जवळपास नाहीच, तर गोळा पातळ, ज्योतीवर किंवा यंत्रावर फुंकलेला. बहुतेक प्लॅस्टिकच्या गोळ्यांत चकाकी बाहेरूनच असते, तेथे टोकाला टोक भिडते.

दुसरा प्रश्न रंगाचा. कूगेलमध्ये रंग काचेतच असतो. निळा कोबाल्टचा, हिरवा लोह किंवा तांब्याच्या संयुगांचा. लाल रंगासाठी सोने किंवा तांबे वापरावे लागे, म्हणून लाल गोळे थोडे आणि महाग. अशा गोळ्यात प्रकाश काचेतून एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना, असा दोनदा गाळला जातो. एका फेरीत एखादा रंग निम्मा उरत असेल तर दोन फेऱ्यांत पावच उरतो. म्हणून या गोळ्यांच्या रंगाला खोली असते. पातळ गोळ्यांना रंग बाहेरून लाखेसारख्या लेपाने दिलेला असतो, तो टोपीजवळ खरवडलेला दिसतो.

तिसरा प्रश्न टोपीचा. जुन्या कूगेलची मान गोळ्याच्या पृष्ठभागालगत कापलेली असते आणि त्या भोकावर नक्षीदार पितळी टोपी बसवलेली असते. टोपीतून आत गेलेल्या तारेचे दोन पाय पोटात फाकून तिला धरून ठेवतात. पातळ गोळ्यांना बारीक मान ठेवलेली असते आणि तिच्यावर हलकी पत्र्याची टोपी असते.

आणि चौथा प्रश्न डागांचा. हवेत हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प प्रमाणात असतो. तो चांदीशी संयोग पावून काळे सिल्व्हर सल्फाइड बनवतो. घरातली चांदीची भांडी काळी पडतात ती यामुळेच. गोळ्यात बाहेरची हवा शिरायला वाट एकच, टोपीखालचे भोक. म्हणून खऱ्या जुन्या गोळ्याचा काळवटपणा बहुधा टोपीभोवती सुरू होऊन खाली उतरत गेलेला असतो. डाग सगळीकडे सारखेच शिंपडल्यासारखे दिसले तर थोडे थांबावे. यांपैकी एकच खूण पटली म्हणून निकाल देऊ नये. जाडीची नक्कल होते, टोपीचीही होते. चारही साक्षी एकमेकींशी जुळतात का, ते पाहावे. प्रयोगशाळेत आपण एका वाचनावर भरवसा ठेवत नाही, तसेच हे.

तुमच्या ओळखीत कुणाच्या जुन्या वाड्याची आवराआवर होत असेल, तर असा एखादा गोळा अडगळीत निघण्याचा संभव आहे. तो भंगारात जाण्याआधी बाजूला काढा. मात्र निघाल्याबरोबर त्याला पाण्यात बुडवून धुण्याचा मोह आवरा. माझ्या मते जुने गोळे फुटून जेवढे गेले नसतील तेवढे या धुण्याने गेले असतील. टोपीखालून पाणी आत जाते, चांदीचा थर काचेपासून सुटतो आणि चार दिवसांत सोलपटे पडू लागतात. शंभर नॅनोमीटरचा थर तो, त्याला एवढेही पुरते. कोरड्या मऊ फडक्याने वरची धूळ टिपावी, बस्स. पितळी टोपी चिंच-मीठ लावून लखलखीत करू नये, तिचा काळवंडलेला रंग हीच तिची वयाची साक्ष आहे. गोळा फुटलेला असेल आणि आतला थर जाड, करडा दिसत असेल, तर तो शिशाचा असू शकतो. त्याचे तुकडे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

ठेवायची जागा कोरडी हवी. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी डब्यात टाकावी. गोळे एकमेकांना लागू नयेत म्हणून प्रत्येकाला मऊ पांढऱ्या कागदात गुंडाळावे. वर्तमानपत्राचा कागद नको, त्यातील आम्लाने टोपी गंजते आणि शाई रंगाला लागते. रबरबँड तर मुळीच लावू नये. रबरात गंधक असते, आणि गंधक चांदीचे काय करते ते आताच पाहिले. गोळ्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. तो कोणत्या घरातून मिळाला, कोणत्या साली मिळाला, कुठे टांगलेला होता, त्याचा व्यास किती, वजन किती आणि पेन्सिलीच्या टोकाची फट किती, हे सारे तीत लिहावे. पेन्सिलीनेच लिहावे, शाई ओलीने पसरते.